चेष्टा

माझी बदली बजबजला झाली तेव्हा गावाकडच्या मंडळींना त्या नावाची मोठी गंमत वाटली. ‘बजबजपुरी हा शब्द जन्मभर ऐकत आलो, ती नगरी खरोखरच कोठे वसलेली असेल असे मात्र कधी वाटले नव्हते,’ असे माझे मामा म्हणाले, आणि निरोपासाठी जमलेले सारे हसले. मीही हसलो. परमुलखात आल्यावर कळले की बजबज हे एक साधे, शांत, नदीकाठचे गाव आहे. सियालदहहून निघालेली लोकल बालीगंज, माझेरहाट, आक्रा, नुंगी अशी ठाणी घेत तेथे येते आणि तेथेच थांबते. पुढे रूळ नाहीत, हुगळी आहे. तागाच्या गिरण्या, तेलाच्या टाक्या, वीजकेंद्राची उंच धुराडी आणि पलीकडच्या बाउरियाला जाणारी नाव एवढा त्या गावाचा पसारा. बजबजपुरी कुठेच नाही. नाव तेच, पण वस्तू निराळी.

मनुष्य नावाने किंवा क्रमांकाने ओळखला की आपण त्याला ओळखले असे आपल्याला वाटते. आपण सारे सरकारी नोकर. क्रमांकांवरच आपला चरितार्थ चालतो. पण नावाची ओळख आणि माणसाची ओळख यांत केवढे अंतर असू शकते, हे मला गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका क्षुल्लक यंत्रखंडाने शिकवले. ती हकीकत सांगताना माझी थोडी फजिती होणार आहे. पण घरापासून दूर राहणाऱ्यांची फजिती दूर राहणाऱ्यांनाच सांगावी, या भरवशावर सांगतो.

आमच्या कार्यालयाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारचे एक लहानसे कार्यालय, एवढे पुरे. मी तेथे लिपिक आहे आणि माझी पदवी मराठी साहित्याची आहे. तरीही कार्यालयातल्या चौतीस संगणकांवर नवी कार्यप्रणाली बसवण्याचे काम माझ्याकडे आले. साहेब म्हणाले, ‘तुम्ही वयाने लहान आहात, पदवीधर आहात. तुम्हाला जमेल.’ पदवी कशाची, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही आणि मीही उपस्थित केला नाही. प्रणाली लिनक्सची होती. सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली २००७ साली दिली, तेव्हापासून सरकारी माणसाने लिनक्सला हात लावावा यात नवल राहिलेले नाही. काही दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आणि दोन जाड पुस्तके वाचून मी त्या कामास हात घातला.

यंत्रावर प्रणाली बसवू लागले की ती प्रश्न विचारते. भाषा कोणती, घड्याळ कोणत्या देशाचे, डिस्कचे भाग किती पाडावयाचे, परवलीचा शब्द काय. एका यंत्रासाठी ही उत्तरे देणे मोठे कठीण नाही. चौतीस यंत्रांसमोर बसून तीच उत्तरे चौतीस वेळा देणे हे मात्र लिपिकाच्याही सहनशक्तीपलीकडचे आहे. म्हणून सारी उत्तरे आधीच एका फाईलमध्ये लिहून ठेवण्याची सोय असते. यंत्राने प्रश्न विचारावा आणि फाईलने परस्पर उत्तर द्यावे. माणसाने निवांत चहा प्यावा. मला ही कल्पना अतिशय आवडली. प्रश्न येण्याआधी उत्तर तयार असणे, हे कार्यालयीन कौशल्याचे परम शिखरच नव्हे काय?

दुसरी सोय याहून नवलाची. प्रणाली प्रत्येक यंत्रापाशी हाताने नेण्याचे कारण नाही. तारेतून ती आपोआप येते. यंत्र सुरू झाले की त्यातले नेटवर्क कार्ड, म्हणजे यंत्राला तारेच्या जाळ्याशी जोडणारा तो लहानसा भाग, आपल्या अंगच्या तुटपुंज्या बुद्धीने हाक मारते : ‘मी जागा झालो आहे, माझा पत्ता कोणता, आणि मी काय करावे?’ पलीकडचा सर्व्हर त्याला पत्ता देतो आणि प्रणालीचा प्रारंभिक गाभा पाठवतो. तो गाभा यंत्राच्या स्मृतीत येऊन बसला की पुढचे सारे सामान त्याने त्याच तारेतून मागवावयाचे. येथे एक मौज होते. ज्या कार्डाने हा गाभा आणला, त्याच कार्डाला हा गाभा ओळखीलच असे नाही! बाउरियाच्या नावेतून उतार उतरावा, मागे वळून नावाड्याकडे पाहावे आणि ‘हा कोण?’ असे विचारावे, तसाच हा प्रकार. गाभ्याने कार्डाशी बोलावयाचे तर मध्ये एक दुभाष्या लागतो. त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. नाव मोटारवाल्याचे असले तरी काम दुभाष्याचे आहे. प्रणाली सांगते ते कार्डाच्या बोलीत उतरवावयाचे आणि कार्ड सांगते ते प्रणालीला समजेल असे करावयाचे.

आता कोणत्या कार्डास कोणता दुभाष्या द्यावयाचा, हे कसे ठरते? प्रत्येक कार्डाच्या अंगावर दोन क्रमांक कोरलेले असतात. पहिला निर्मात्याचा, दुसरा वस्तूचा. जणू गोत्र आणि नाव. इंटेल या कंपनीचा निर्माता-क्रमांक ८०८६ आहे. १९७८ सालच्या आपल्या कीर्तिमान प्रोसेसरचा आकडा त्या कंपनीने गोत्र म्हणून मिरवला आहे. प्रत्येक ड्रायव्हर आपल्यापाशी अशा क्रमांकांची यादी बाळगून असतो. कार्डाचा क्रमांक यादीत सापडला की तो पुढे होतो : ‘हे आमचे आहे.’

पण क्रमांकानेही कधी कधी घोटाळा होतो. रियलटेक या कंपनीचे ८१३९ नावाचे एक स्वस्त कार्ड एके काळी जगभर घरोघरी पोहोचले होते. पुढे तिने त्याचीच सुधारलेली आवृत्ती काढली. तिची अंतर्रचना निराळी होती, पण अंगावरचे दोन्ही क्रमांक जुनेच ठेवले. परिणामी लिनक्समध्ये एकाच क्रमांकावर हक्क सांगणारे दोन ड्रायव्हर झाले, ‘८१३९-टू’ आणि ‘८१३९-सीपी’. त्यांनी भांडावे अशी सारी सिद्धता होती. परंतु ते ज्यांनी लिहिले ते शहाणे लोक होते. प्रत्येक ड्रायव्हर क्रमांकावर समाधान न मानता आवृत्तीचा तिसरा अंकही पाहतो, आणि तो आपल्या बेताचा नसला तर नम्रपणे नोंद करतो : हे माझे काम नव्हे, कृपया त्या दुसऱ्याला विचारावे. पुस्तकात हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. एका टेबलाने फाईल दाबून न ठेवता योग्य टेबलाकडे टिपणीसह वेळेवर पाठवावी, हे दृश्य मी माझ्या नोकरीत इतक्या स्वच्छपणे क्वचितच पाहिले आहे.

आमच्या चौतीस यंत्रांपैकी वीस एका खरेदीतली होती. त्यांची स्थापना बिनबोभाट झाली. उरलेली चौदा मागाहून आलेली. पेटी तीच, रंग तोच, चिठ्ठीवरचे नाव तेच; आतले कार्ड मात्र नव्या वळणाचे. कोणत्या कंपनीचे ते सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. ही चौदा यंत्रे अर्ध्या वाटेवर थांबली आणि पडद्यावर मजकूर आला : नेटवर्क कार्ड ओळखू आले नाही, आपणास ड्रायव्हर ठाऊक असल्यास यादीतून निवडावा. खाली भली मोठी यादी होती. आणि तीत एक प्रामाणिक पर्यायही होता : यांपैकी कोणताही नाही.

मी तो पर्याय निवडला नाही. यादीत त्याच घराण्याचा एक ड्रायव्हर होता. नवे कार्ड त्याच्या यादीत नव्हते, पण जुन्याचे ते धाकटे भावंडच. लिनक्समध्ये अशी एक वाट आहे की एखाद्या ड्रायव्हरला बाहेरून सांगता येते, ‘हा परका क्रमांकही तुझाच समज.’ ही वाट तज्ज्ञांसाठी ठेवलेली आहे. ती आज्ञा मी उत्तरांच्या फाईलमध्ये लिहून टाकली. यंत्र पुन्हा सुरू केले. दुभाष्या पुढे झाला, कार्ड जागे झाले, तारेवरचा हिरवा दिवा लुकलुकू लागला. त्या रात्री मी एकटाच कार्यालयात बसलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता आणि चौदा यंत्रे कोणाच्याही मदतीवाचून स्वतःला घडवीत होती. सकाळी साहेबांनी पाठ थोपटली. वरच्या कार्यालयाकडे माझ्या नावाने प्रशंसेचे दोन शब्द पाठवावे असेही त्यांच्या मनात आले. मला माझा फार अभिमान वाटला. तो शब्द येथे मुद्दाम लिहिला आहे.

त्यानंतर चारच दिवसांनी आमच्या विभागातले एक ज्येष्ठ सहकारी अकस्मात वारले. निवृत्तीस त्यांना आठ महिने उरले होते. बजबजला आल्यावर मला खोली पाहून देणारे, पहिली दुर्गापूजा हाताला धरून दाखवणारे आणि मी महाराष्ट्रातला आहे हे कळताच ‘म्हणजे बर्गी!’ असे म्हणून मोठ्याने हसणारे हेच ते गृहस्थ. १७४२ साली भोसल्यांच्या स्वारांनी बंगालवर चाल केली. त्या स्वाऱ्यांची आठवण येथल्या अंगाईत अजून आहे, आणि त्या आठवणीची गंमत करण्याइतका मनाचा मोकळेपणाही येथे आहे. मी त्यांना दादा म्हणत असे आणि त्यांच्या पत्नीला बौदी.

मी समाचाराला गेलो. माझी बंगाली ही मुळात हिंदी. तिला थोडे गोल उच्चार लावले की बाजारात भागते. मासळीवाला, रिक्षावाला, स्टेशनवरचा चहावाला यांच्याशी तिने कधी दगा दिला नव्हता. परंतु ज्या घरातून कालच माणूस गेले आहे, तेथे काय बोलावे हे मला सुचेना. बौदीच बोलत होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, ‘ऑफिशेर ओपोर ओनार खूब ओभिमान छिलो.’ मला वाटले, चला, एवढे तरी समजले. दोन दिवसांनी कार्यालयात शोकसभा झाली. दोन शब्द बोलण्याची पाळी माझ्यावर आली तेव्हा मी सांगितले की दादांना आपल्या कार्यालयाचा फार अभिमान होता. हे मला त्यांच्या पत्नीनेच सांगितले. सभेत क्षणभर विचित्र शांतता पसरली. बडोबाबूंनी खिडकीबाहेर पाहिले. मी ती शांतता शोकाची समजलो.

यानंतर बौदींच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद वर पाठवावयाचे होते. ठराविक तारखेच्या आत ते गेले तर पुढच्या महिन्यात मंजुरी. नाही तर एक महिना पुढे. त्या कार्यालयात आल्या, सह्या केल्या आणि निघताना मला म्हणाल्या, ‘एकटू चेष्टा कोरबेन.’ या शब्दाचा अर्थ मला तोवर ठाऊक झाला होता. बंगालीत चेष्टा म्हणजे थट्टा नव्हे. चेष्टा म्हणजे प्रयत्न. तरीही मराठी कान तो शब्द ऐकून क्षणभर दचकल्यावाचून राहत नाहीत.

कागद पाठवणारे यंत्र त्या चौदांपैकी होते. साधे पत्र जाई. छायाचित्रित कागदांचा जड गठ्ठा अर्ध्यावर तुटे. ‘थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा,’ असा मजकूर येई. विभागातला माणूस पुन्हा प्रयत्न करी. कधी दुपारी जमे, कधी जमत नसे. यात तारीख टळून गेली. मागाहून कोणी तरी तो गठ्ठा दुसऱ्या खोलीतल्या यंत्रावर नेला आणि तो एका दमात गेला. पण महिना गेला तो गेलाच.

चौदाही यंत्रे एकाच खोलीत असल्यामुळे निदान सोपे झाले : खोलीतली तार खराब. आणि तार टाकणारा कोण, तर कंत्राटावरचा एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. त्याला बोलावून चार शब्द सुनावण्यात आले. त्याने दोन दिवस जमिनीवर बसून प्रत्येक सांधा पुन्हा केला. तरी यंत्रे तशीच. मग त्याचे बिल अडवून ठेवण्याची भाषा सुरू झाली.

ज्या दिवशी त्याला बोल लागले त्याच संध्याकाळी मी यंत्राची रोजनिशी उघडून पाहिली. यंत्र आपल्या सुखदुःखाच्या बारीक नोंदी ठेवीत असते. तीत पुन्हा पुन्हा एकच तक्रार होती : पाठवणीची रांग खोळंबली आहे, कार्ड उत्तर देत नाही. मला सारे कळून चुकले. दुभाष्या जुना होता. नव्या कार्डाची बोली त्याला अर्धीच समजत होती. सोपी वाक्ये तो निभावून नेई. ओझे वाढले की गोंधळून उभा राही. त्याने ‘हे माझे नव्हे’ असे सांगितले नव्हते, कारण तसे सांगण्याची संधीच मी त्याला दिली नव्हती. मी फाईलमध्ये आधीच लिहून ठेवले होते की हे तुझेच आहे.

हे त्या संध्याकाळी कळले. बोललो मात्र मी अकरा दिवसांनी. एवढे दिवस काय केले, असे कोणी विचारले तर सांगण्याजोगे काही नाही. प्रशंसेचे ते दोन शब्द अजून जावयाचे होते. मुलाचे बिल अद्याप अडवले नव्हते, नुसती भाषाच होती. असे प्रत्येक दिवसाला पुरेल एवढे कारण मला रोज मिळत असे. पुस्तकांत मी दुसऱ्यांच्या चुका शोधू लागलो. २००८ साली लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीच्या चाचण्या चालू असताना इंटेलच्या काही कार्डांची स्थिर स्मृती पुसली जाऊ लागली. कार्डे निकामी झाली आणि संशय साहजिकच त्यांच्या ड्रायव्हरवर गेला. ऑक्टोबरात उलगडा झाला तेव्हा मुख्य दोष निघाला तो गाभ्यातल्या एका निराळ्याच, तपासणीसाठी ठेवलेल्या यंत्रणेचा. ड्रायव्हर उगाच बदनाम झाला होता. ही हकीकत वाचून मला धीर यावयाचा, पण उलटेच झाले. तेथे खरा दोषी कोण हे शोधण्यासाठी माणसे आठवडेच्या आठवडे जागली. येथे ते ठाऊक असूनही एक मनुष्य स्वस्थ झोपत होता.

स्वस्थ म्हणणेही खरे नव्हे. संध्याकाळी मी स्टेशनाकडून नदीवर फिरावयास जात असे. वाटेत कोमागाता मारूचे स्मारक लागते, १९५२ साली उभारलेले, कृपाणासारखे उंच. १८९७ च्या फेब्रुवारीत परदेशातून परतलेले स्वामी विवेकानंद याच बजबजला आगबोटीतून उतरले आणि खास गाडीने सियालदहला गेले. तेथे त्यांचे मोठे स्वागत झाले. सतरा वर्षांनी, २९ सप्टेंबर १९१४ रोजी, दुसरी आगबोट याच काठाला लागली. ३७६ भारतीयांना घेऊन ती कॅनडास गेली होती. त्यांतल्या मोजक्यांखेरीज बाकी सर्वांना व्हँकुव्हरहून परत लोटण्यात आले होते. त्यांच्यासाठीही सरकारने खास गाडी सिद्ध ठेवली होती, थेट पंजाबला नेणारी. कारण ही माणसे कोण आहेत हे आगबोट लागण्यापूर्वीच कागदावर ठरून गेले होते : राजद्रोही. त्यांना कलकत्त्यास जावयाचे होते. कोणी काही विचारले नाही. झटापट झाली, गोळीबार झाला आणि सुमारे वीस उतारू प्राणांस मुकले. त्या भयंकर घटनेशी माझ्या क्षुद्र चुकीची तुलना करण्याचा वेडेपणा मी करीत नाही. पण प्रश्न विचारण्यापूर्वी उत्तर लिहून ठेवण्याची जी सोय मला एवढी आवडली होती, तिचे टोक कोठवर जाऊ शकते हे त्या स्मारकापुढे उभे राहिल्यावर मला प्रथमच दिसले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी या प्रकरणी आपल्या संसदेत क्षमा मागितली ती १८ मे २०१६ रोजी, एकशे दोन वर्षांनंतर. उशिरा मागितलेली क्षमाही क्षमाच असते. पण ती ज्यांच्यापाशी मागावयाची ते उरलेले नसतात.

अकराव्या दिवशी सियालदहच्या लोकलमध्ये तो तारवाला मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला. त्याच्या मनात माझ्याविषयी काही किल्मिष नव्हते. उलट, मी शोकसभेत बोललो याचे त्याला कौतुकच होते. जरा घुटमळून तो म्हणाला, ‘दादा, एक सांगू? त्या दिवशी तुम्ही बौदींचे बोलणे उलटे समजलात.’ आणि मग त्याने मला त्या शब्दाचा अर्थ सांगितला. बंगालीत ‘अभिमान’ म्हणजे गर्व नव्हे. ज्याच्यावर आपला हक्क आहे, ज्याच्याकडून मायेची अपेक्षा आहे, त्याने दुखावले म्हणजे मनात जो मुका रुसवा धरून राहतो, तो अभिमान. दादांच्या मनात कार्यालयाविषयी तो होता. पुष्कळ वर्षांपूर्वी मुलगा आजारी असताना त्यांनी रजा मागितली होती. ती मिळाली नव्हती. मुलगा वाचला, पण दादा ते विसरले नाहीत, आणि कधी बोललेही नाहीत. हे कार्यालयात सगळ्यांना ठाऊक होते. बौदींनी मला, परक्याला, त्यांच्या मनातले ते शल्य विश्वासाने सांगितले होते. आणि मी ते भर सभेत, त्याच कार्यालयाच्या भिंतींत, कार्यालयाच्या गौरवार्थ वाचून दाखवले होते.

मी पुढच्या स्टेशनावर उतरलो. त्याच्या शेजारी बसणे मला अशक्य झाले. ज्याच्यावर माझी चूक लादली गेली होती, तोच माझी दुसरी चूक किती हळुवार हाताने मला दाखवीत होता!

फलाटावर बसून विचार करताना ध्यानात आले की या दोन चुका नव्हत्याच. क्रमांक तोच आहे ना, मग वस्तूही तीच. शब्द तोच आहे ना, मग अर्थही तोच. मराठी आणि बंगाली या एकाच घराण्यातल्या बहिणी. म्हणूनच घात झाला. तमिळ प्रदेशात बदली झाली असती तर मी पहिल्याच दिवशी कबूल केले असते की मला काही समजत नाही, आणि कोणी तरी समजावून दिले असते. अगदी न कळणे हे तसे सुरक्षित असते. तेथे यंत्रही थांबते आणि माणूसही थांबतो. घात करते ते अर्धे कळणे, कारण त्याने सोपी कामे निभतात आणि निभतात म्हणून आपण निश्चिंत होतो. ओझे येईपर्यंत आपल्याला पत्ताच लागत नाही.

आपल्यातलेच एक गृहस्थ ही वाट कधीच चालून गेले आहेत. १८६९ साली देवघरजवळच्या मराठी कुटुंबात जन्मलेल्या सखाराम गणेश देउस्करांनी बंगाली अशी आत्मसात केली की १९०४ साली निघालेले त्यांचे ‘देशेर कथा’ हे पुस्तक बंगालच्या स्वदेशी पिढीने उराशी धरले, आणि १९१० साली सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. तेथेही शब्द फसवा आहे. बंगालीत ‘कथा’ म्हणजे गोष्ट नव्हे, बोलणे. ते नाव वाचून मी कित्येक दिवस ते गोष्टींचे पुस्तक समजत होतो!

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे गेलो आणि सारे सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘लिहून द्या.’ मी लिहून दिले. प्रशंसेचे शब्द अर्थातच गेले नाहीत. मुलाचे बिल त्याच आठवड्यात निघाले. मी त्याची क्षमा मागितली तेव्हा तो लाजला आणि चहा पाजण्यावर ते मिटवले.

यंत्रांचे काम मग नीट केले. ते कार्ड खरोखर ओळखणारा ड्रायव्हर गाभ्याच्या नव्या आवृत्तीत आलेला होता. तो मी प्रारंभीच्या गठ्ठ्यात घातला आणि चौदाही यंत्रे पुन्हा उभी केली. जड कागद आता विनातक्रार जातात. परंतु मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो उत्तरांच्या फाईलमधला बदल. माझी ती जबरदस्तीची आज्ञा मी काढून टाकली आणि ड्रायव्हरच्या प्रश्नापुढचे उत्तर कोरे ठेवले. उत्तर कोरे असले की कार्ड ओळखू न आल्यास प्रणाली थांबते आणि माणसाला विचारते. काम थोडे लांबते. लांबू द्यावे.

शेवटी बौदींकडे गेलो. एव्हाना मी बंगालीची शिकवणी लावली होती. पण त्या दिवशी फार बोलण्याची हिंमत केली नाही. एक महिना का गेला ते सांगितले, आणि सभेत मी काय बोललो तेही सांगितले. ते त्यांच्या कानावर आधीच आले होते. त्यांनी माझ्यापुढे बत्ताशांची बशी ठेवली. ‘चेष्टा तो कोरेछेन,’ त्या म्हणाल्या. प्रयत्न तर केलात.

मी मान खाली घालून बसलो. त्यांनी तो शब्द आपल्या भाषेत, क्षमेने उच्चारला होता. माझ्या कानांनी तो माझ्या भाषेतही ऐकला. आणि त्या दिवशी, मला वाटते, त्याचे दोन्ही अर्थ खरे होते.